‘नाही’च्या रकान्यात

सुजीतचा हात चेंडूसकट डोक्यामागे गेला आणि तिथेच थांबला. एक, दोन, तीन, चार. मग तो हात खाली आला, चेंडू सुटला, पलीकडे उकिडव्या बसलेल्या रणजितच्या ग्लव्हमध्ये फाट्‌कन जाऊन बसला आणि कुणीतरी ‘क्या बात है’ म्हणून ओरडलं. सकाळचे साडेपाच वाजले होते. आखातातल्या हमरिया फ्री झोनमध्ये, कंपनीच्या पाइप यार्डाला लागून असलेली जागा जीएमनं बेसबॉलसाठी सपाट करून घेतली होती, तिथे सराव चालला होता. जूनचा पहिला आठवडा. आत्ताच कुठे उजाडत होतं, तरी शर्ट पाठीला चिकटले होते आणि समुद्राकडून येणारी दमट हवा तोंडावर ओल्या फडक्यासारखी बसत होती. नेटच्या मागे वही घेऊन उभ्या असलेल्या सूर्यकांत फिरकेनं वही मिटली. बाकीच्यांना वाटलं असणार, पोरगा मुद्दाम थांबला, समोरच्याला चकवायला. सुजीतला तर काही झाल्याचं माहीतच नव्हतं. त्यानं चेंडू परत मागितला, तळहात पँटला पुसला, पुन्हा उभा राहिला. पण सूर्यकांतनं त्या चार सेकंदांत त्याचे डोळे पाहिले होते. दार सताड उघडं आणि हाक मारली तर आतून कुणी ओ देत नाही, तसे ते डोळे होते. त्या मैदानावर वीस-बावीस माणसं होती आणि त्या डोळ्यांचा अर्थ कळणारा त्यांत तो एकटाच होता. हे एकटेपण त्याच्या मानेवर थंडगार बोटांसारखं टेकलं आणि नंतर दिवसभर हललं नाही.

सहा महिन्यांपूर्वी तो नुसता स्टोअरमधला फिरके होता. चौदा वर्षं कंपनीत, दोन हजार एकच्या ऑगस्टात करार संपणार, आणि स्टोअर कॉम्प्युटरवर गेल्यावर फिरकेचं काय करायचं हा प्रश्न वरच्या मजल्यावर कुणीतरी कुणालातरी विचारल्याचं त्याच्या कानावर आलेलं. मग डिसेंबरातल्या कंपनीच्या पिकनिकला जीएम आपल्या तरुणपणाचं सांगत बसला. हा जीएम टेक्सासचा. त्याच्या गावी म्हणे दर उन्हाळ्यात लांबलांबच्या कॉलेजांतली पोरं बेसबॉल खेळायला यायची, गावातल्या कुटुंबांत राहायची, त्यांच्याच टेबलावर जेवायची, होस्ट फॅमिली. बहारीनच्या आणि दम्मामच्या तेल कंपन्यांनी असे संघ उभे केले होते, या जीएमच्या कंपनीचा मात्र नव्हता. मुलं कुठून आणायची? सूर्यकांत चिकनचा तुकडा हातात धरून म्हणाला होता, ‘सर, आमच्या भुसावळ-जळगावच्या कॉलेजांत बेसबॉल खेळतात.’ जीएम हसला. बराच वेळ हसला. मग एकदम हसायचा थांबला. फेब्रुवारीत सूर्यकांत कंपनीच्या तिकिटावर गावी गेला, रेल्वेच्या मैदानावर तीन दिवस उन्हात उभा राहून त्यानं सहा पोरं निवडली, आणि परत आल्यावर कॉरिडॉरमध्ये जीएम त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला ‘सूर्या’ म्हणू लागला. सहा पोरं खानदेशातली, बाकी संघ फिलिपिनो वेल्डर आणि दोन कोरियन इंजिनिअर. प्रत्येक पोरगा एकेका हिंदुस्थानी कुटुंबात ठेवलेला. त्यांतला सगळ्यात चांगला, ज्याचा चेंडू पाहून जीएमनं गॉगल काढला होता, तो सुजीत सूर्यकांतनं आपल्या घरी ठेवून घेतला. त्याच्या बायकोला, साधनाला, वाटलं, हा अभिमान. तसं नव्हतं. तो डोळ्यांसमोर असावा म्हणून.

कारण भुसावळला सुजीतच्या घरी, पत्र्याच्या ओसरीत, सुजीतच्या आईनं चहाची कपबशी पुढे करता करता सांगितलं होतं. कुमुदताई अंगणवाडीत सेविका. माणसाशी बोलताना डोळ्यांत बघून बोलणारी बाई. ‘सर, एक सांगून ठेवते. त्याले दोन डाव फिट आली होती. बारावीच्या वर्षी. आता गोळी चालू आहे तं काही नाही. पण तुमाले माहीत असलेलं बरं.’ सूर्यकांत म्हणाला, ‘हो हो, बरं झालं सांगितलंत.’ चहा प्याला. लॉजवर येऊन फॉर्म भरायला बसला. वैद्यकीय माहितीच्या पानावर आजारांची यादी होती, प्रत्येकापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन रकाने. फिट्सच्या ओळीशी येईपर्यंत हाताला लय लागलेली होती; दमा नाही, हृदयविकार नाही, मधुमेह नाही. त्या लयीतच हात खाली उतरला आणि ‘नाही’च्या रकान्यात फुली पडली. चूक झाली असं पुढे तो स्वतःला सांगायचा. पण फुलीपूर्वी पेन उचललं गेलं होतं, खोलीतल्या पंख्याचा आवाज आपल्याला ऐकू आला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं.

आणि एवढंच नव्हतं. मे महिन्यात, पोरं निघायच्या आठ दिवस आधी, त्याला रात्रभर झोप आली नाही, कारण ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं की अमक्याच्या पाहुण्याला विमानतळावर बंदी असलेल्या गोळ्यांपायी पकडलं. कुठल्या गोळ्या, खरं की खोटं, त्यानं विचारलं नाही. सकाळी उठून भुसावळला फोन लावला. ‘सुजीत, त्या गोळ्या आणू नको बरं का. इथे चेकिंग कडक असतं. आपण इथल्या डॉक्टरकडून लिहून घेऊ.’ ‘बरं, सर.’ आता पोरगा येऊन तीन आठवडे झाले होते. डॉक्टरकडे नेला तर कुठेतरी कागद होणार, कागद झाला की तो फिरत फिरत कंपनीच्या क्लिनिकात येणार. आज नेऊ, उद्या नेऊ. मध्ये एकदा त्यानं जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, ‘बरा आहेस ना?’ आणि साधना म्हणाली होती, ‘अहो, चार पोळ्या खातोय, बरा नसायला काय झालं?’

त्या बुधवारी सूर्यकांत स्टोअरमध्ये बसून व्हॉल्व्हच्या पावत्या तपासत होता आणि प्रत्येक पावतीवर त्याला तो थांबलेला हात दिसत होता. उद्या गुरुवार. उद्या संध्याकाळी बहारीनच्या संघाशी सामना, आणि तो बघायला जीएमचा जुना मित्र येणार होता, टेक्सासमधल्या एका लहानशा कॉलेजचा कोच. सुजीतचा चेंडू आवडला तर तो त्याला तिकडे शिकायला नेणार होता. सगळा खर्च कॉलेजचा. हे सुजीतला कळल्यापासून तो रोज रात्री सूर्यकांतच्या मुलीकडून, अवनीकडून, इंग्रजी वाक्यं पाठ करून घेत होता. आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, उभा असतो कुठे? बॅटपासून साठ फुटांवर. मारलेला चेंडू सरळ तोंडावर यायला डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढाच वेळ. सूर्यकांतला तो वेळ चांगला ठाऊक होता. विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल खेळताना तो कॅचर होता, बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू पकडणारा, आणि एकदा बॅटच्या कडेला लागून उडालेला चेंडू मास्कच्या खालून त्याच्या गळ्यात बसला होता. दोन मिनिटं श्वास आला नाही. त्यानंतर चेंडू जवळ आला की त्याचे डोळे आपोआप मिटायचे. एक अख्खा मोसम तो डोळे मिटून चेंडू अडवत राहिला, कुणाला कळू न देता. मास्कच्या आत कोण बघतंय? सुटला तर ‘उसळला’ म्हणायचा. लपवणं त्याला तेव्हापासून जमत होतं. लपवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, नुसतं पुढचा चेंडू येईपर्यंत गप्प बसणं, असं त्याला वाटायचं.

तीन वाजता त्यानं घरी फोन केला. अवनीनं उचलला. अकरा वर्षांची, आवाजात कसलीतरी घाई. ‘आई रोलाला गेलीये, ग्रोसरी आणायला. बाबा, वी आर गोइंग टू द पूल. सुजीतदादा इज कमिंग टू.’ ‘कुठे?’ ‘द पूल, बाबा. टेरेसवर. ही इज गोइंग टू टीच मी समथिंग. बाय!’ ‘अवनी, थांब, त्याला फोन दे’ म्हणेपर्यंत पलीकडून नुसता टूं आवाज येत होता. त्यानं पुन्हा लावला. वाजत राहिला. पुन्हा. त्या वाजण्याच्या पलीकडे रिकामं घर, रिकाम्या घराच्या वर गच्ची, तिच्यावर निळं पाणी, आणि पाण्यात चार सेकंद. चार सेकंद जमिनीवर काहीच नसतात. ‘दाढ दुखतेय’ असं सुपरवायझरला सांगून तो गाडीत बसला तेव्हा स्टीअरिंग इतकं तापलं होतं की हात टेकवेना; त्यानं रुमालानं धरून गाडी चालवली. अजमानच्या सिग्नलला गाड्या अडकल्या. पुढच्या पिकअपवरचा पठाण मागे वळून ‘सबर, सबर’ असा हात करत होता, तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण हॉर्नवरचा हात काढलेलाच नाही. त्याच्या मनात पाण्याखाली उघडे राहिलेले डोळे आले, आणि शेजारी अवनी, तिला वाटतंय दादा गंमत करतोय, ती हसत वाट बघतेय. मग एक फार वाईट विचार आला. पाण्यात काही झालं तर ते बुडणं ठरेल. फॉर्मपर्यंत कुणी जाणार नाही. हा विचार कुणी केला हे पाहायला जणू त्यानं आरशात पाहिलं. त्यात त्याचंच तोंड होतं, घामानं चकाकणारं.

लिफ्ट येईना, म्हणून तो जिन्यानं दहा मजले चढला. वर दार ढकललं तेव्हा ऊन अंगावर कोसळलं. सुजीत पूलच्या काठावर, सावलीच्या पट्ट्यात मांडी घालून बसला होता. अवनी पाण्यात उभी होती आणि तो तिला चेंडू कसा धरायचा ते दाखवत होता, दोन बोटं शिवणीवर. ‘बाबा! यू आर अर्ली!’  सूर्यकांत दाराला धरून उभा राहिला, छाती भात्यासारखी हलत होती. सुजीतनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पोराला सगळं कळलं. तो उठून जवळ आला आणि अवनीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, ‘काका, मी पाण्यात उतरत नाही. आईला शब्द दिलाय.’

‘आज सकाळी तुला काही झालं का?’

सुजीतनं हातातला चेंडू फिरवला. मग म्हणाला, ‘दहा गोळ्या आणल्या होत्या मी मोज्यात घालून. अर्धी-अर्धी करून पुरवल्या. परवा संपल्या.’

‘मला सांगायचं नाही का?’

‘तुम्हीच आणू नको म्हणाला होतात. वाटलं, रागवाल.’

संध्याकाळी त्यानं सुजीतला रोलाच्या बाजारामागच्या गल्लीतल्या एका छोट्या क्लिनिकात नेलं, जिथे कंपनीचं कुणी येत नव्हतं. डॉक्टर अजरा हैदराबादच्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी सुजीतला बरंच विचारलं, हातपाय तपासले, डोळ्यांत उजेड पाडून पाहिला. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, ‘बेटा, ये गोली एकदम से बंद नहीं करते. किसने बंद करवाई?’ खोलीत एसीचा घरघराट होता. सूर्यकांतचं तोंड उघडलं होतं. उघडलं होतं एवढं खरं. त्यातून शब्द येण्याआधी सुजीत म्हणाला, ‘मैंनेच बंद की, मॅडम. अच्छा लग रहा था इसलिए.’ डॉक्टरांनी सूर्यकांतकडे पाहिलं, ‘आप कौन?’ ‘होस्ट फॅमिली,’ तो म्हणाला, आणि तो शब्द त्याला तोंडात खडा आल्यासारखा लागला. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, आणि दुसऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या: सहा आठवडे खेळ नाही, पोहणं नाही, उंचावर चढणं नाही. ‘गोली का असर आने में वक्त लगेगा. तब तक कभी भी आ सकता है,’ त्या म्हणाल्या. कभी भी. गाडीत परतताना सुजीत खिडकीबाहेर बघत होता. आपल्याला कुणीतरी पाठीशी घातलं म्हणून माणसाला हायसं वाटायला हवं. सूर्यकांतला उलट भीती वाटत होती. एकोणीस वर्षांच्या पोरानं त्याच्यासाठी किती सहज खोटं बोलून दाखवलं होतं. जणू हेही तो इथे येऊन त्याच्याकडूनच शिकला होता.

गुरुवारी संध्याकाळी पाचला मैदानावर खुर्च्या मांडल्या होत्या, बर्फात पाण्याच्या बाटल्या होत्या, बहारीनची गोरी, उंच पोरं च्युइंगम चघळत अंग सैल करत होती. टेक्सासचा कोच टोपी मागे सारून बसला होता. सूर्यकांतनं दिवसभर मनात वाक्य रचलं होतं. नोकरी जाईल. महिनाभरात घर आवरावं लागेल, अवनीची शाळा, साधनाचा शिकवणीचा जम, सगळं. तरी त्यानं जीएमला बाजूला बोलावलं आणि कागद हातात दिला. जीएमनं चष्मा लावला, चार ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग कागदाची घडी घालून ती सूर्यकांतच्या शर्टाच्या खिशात स्वतःच्या हातानं ठेवली, आणि खिसा थोपटला. ‘हे मी वाचलेलं नाही, सूर्या,’ तो शांतपणे इंग्रजीत म्हणाला. ‘फॉर्म तू भरलास. पोरगा तुझ्या घरात राहतो. तो फिट आहे की नाही हे तू मला सांगायचंस. वीस मिनिटं आहेत.’ आणि जाता जाता, कामगारांना घाई करताना म्हणायचा तसं, ‘यल्ला.’

सूर्यकांत तिथेच उभा राहिला. त्याला वाटलं होतं, कागद दिला की निकाल लागेल. शिक्षा होईल, पण ठरवणारा दुसरा कुणीतरी असेल. आता त्या मोकळ्या मैदानावर ठरवणारा तो एकटाच होता. गप्प बसावं. सात डाव आहेत, दोन तास. पोराला चेंडू टाकू द्यावा. कदाचित काही होणारही नाही, पोरगा अमेरिकेला जाईल, पुढे कधीतरी टेक्सासहून फोन करेल. त्याच्या पापण्या जड झाल्या, मिटू लागल्या. ती त्याची जुनी, ओळखीची खोड होती. तो बाकाकडे गेला. सुजीत बुटाच्या नाड्या बांधत होता.

‘तू आज खेळत नाहीयेस.’

सुजीतनं वर पाहिलं. चेहऱ्यावर आधी हसू होतं, मग ते गेलं. ‘काका, तो कोच आलाय.’

‘माहीत आहे.’

‘मी डॉक्टरला तुमचं नाव सांगितलं नाही.’

‘तेही माहीत आहे.’

‘मग?’

त्या ‘मग’मध्ये सगळा सौदा होता, आणि पोराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सूर्यकांतनं हात पुढे केला. ‘मग काही नाही. शर्ट काढ. रणजितला टाकू दे.’

रणजित कॅचर. त्याचा चेंडू सरळ होता आणि मंद होता. बहारीनच्या पोरांनी तो लांब लांब मारला. टेक्सासचा कोच पाचव्या डावात उठला, जीएमशी हात मिळवून गाडीत बसला. सुजीत बाकाच्या टोकाला बनियनवर बसला होता, आणि सूर्यकांत सामना न बघता त्याच्याकडे बघत होता. आपण काय शोधतोय हे त्याला बऱ्याच वेळानं कळलं. तो फिट येण्याची वाट पाहत होता. यावी, आत्ता, सगळ्यांसमोर, म्हणजे आपण बरोबर होतो हे तरी दिसेल. त्यानं हे स्वतःच्या मनात लख्ख पाहिलं, आणि कालपासूनच्या सगळ्या भीतींत ही भीती सगळ्यात मोठी होती. फिट आली नाही. त्या दिवशी नाही, शुक्रवारी नाही. पोरगा वेळेवर गोळ्या घेत होता, जेवत होता, अवनीशी पत्ते खेळत होता, आणि सूर्यकांत खोलीत आला की उठून जात होता.

शनिवारी जीएमनं बोलावलं. सूर्यकांत राजीनाम्याचा कागद खिशात घालूनच गेला. टेबलावर कराराचं नूतनीकरण होतं, दोन वर्षांचं. सही कुठे करायची तिथे पेन्सिलनं खूण केलेली. मुलाला घरची आठवण येते म्हणून परत पाठवतोय, असं जीएम म्हणाला, तिकीट रविवारचं आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी नावं नोव्हेंबरपर्यंत हवीत. फॉर्मविषयी एक शब्द नाही. सूर्यकांतनं सही केली. इतके दिवस उराशी धरलेली शिक्षा कुणी मागितलीच नाही. ती घेऊन तो बाहेर आला आणि कुठे ठेवावी ते कळेना. विमानतळावर सुजीत साधनाच्या पाया पडला, अवनीच्या डोक्यावर टपली मारली. सूर्यकांतकडे न बघता म्हणाला, ‘येतो.’

सोमवारी त्यानं भुसावळला, कुमुदताईंच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. त्यांना बोलावून आणेपर्यंत पलीकडे रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येत होत्या. या बाईला तरी खरं सांगायचं, तिनं तोंडाला येईल ते बोलावं, असं त्यानं ठरवलं होतं. ‘कुमुदताई, चूक माझी आहे. गोळ्या आणू नको असं मीच त्याला सांगितलं होतं. फॉर्मवरही मीच खोटं लिहिलं.’

‘मले माहीत आहे ना, सर,’ बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. ‘त्यानं तेव्हाच सांगितलं. तो आणणारच म्हणत होता, मीच पिशवीतून काढून घेतल्या. म्हटलं, सर तिथले जाणकार. दहा त्यानं लपवल्या वाटते.’ आणि मग, ‘पोरगा सुखरूप आला. तुमी खेळू नाही दिलं, ते बरं केलं. सध्या चिडला आहे, निवेल.’

सूर्यकांतनं रिसीव्हर घट्ट धरला. मला काहीतरी बोला, असं त्याला ओरडून सांगायचं होतं.

‘सर, एक विचारू का? माझ्या बहिणीचा पोरगा आहे यावलला. त्याले काही आजार-बिजार नाही. चेंडू लय जोरात फेकतो. पुढच्या साली त्याले पाहाल का?’

दुकानात कुणीतरी सुट्टे पैसे मागत होतं. सूर्यकांतला ‘नाही’ म्हणायचं होतं. तो शब्द ओठांपर्यंत आलाही होता. आणि मग त्यानं आपलाच आवाज ऐकला, नेहमीचा, कामाचा, अगदी स्वच्छ.

‘उंची किती आहे त्याची?’